काडेपेटीवरचं सूत

शनिवारी शाळा सुटली की फोंड्याहून बस,
मग ओल्ड गोव्याच्या धक्क्यावरून फेरी.
पिशवीत अर्धा मीटर लिनन, दोन सुया
आणि मुलींच्या शिवणाच्या वह्या, न तपासलेल्या.
दिवाडी बेटावर, मालारला,
एर्मेलिंदबाय दारातच बसलेली असायची.
डोळ्यांत मोतीबिंदू. कापड ती
अंगठ्याच्या नखानं वाचायची.

मी भरतकाम शिकायला गेले होते.
तिनं पहिल्या दिवशी काढायला शिकवलं.
सुईच्या टोकावर एक धागा उचलायचा,
मधोमध कापायचा,
आणि दोन्ही बाजूंनी ओढायचा, न ओढल्यासारखा.
"सूत काडटना उस्वास सोडूं नाका, बाय."
आडवे आठ-दहा गेले की उभे उघडे पडतात,
ओहोटीला मानशीचे खुंटे दिसावेत तसे.
मग त्यांच्या जुड्या बांधायच्या, चार-चारांच्या,
कमरेशी आवळून.
मध्ये उरतात ती भोकं.
त्यांनाच लोक जाळी म्हणतात,
इस्त्री करून आल्तारावर अंथरतात.

मोजायची ती पोर्तुगीजमध्ये.
उं, दोयश, त्रेश, क्वात्रु.
शिव्या कोकणीत.
मी मराठीत चुकायचे.

आमच्याकडे, बांदिवड्याला, आई वाकळ शिवायची.
बाबांचं धोतर,
सुपाऱ्या पाडायला येणाऱ्या पुतू वेळिपाचा सदरा,
मी नापास झाले त्या वर्षीचा गणवेश,
सगळं थरावर थर.
धावदोरा कडेकडेनं आत शिरायचा,
चौकोनात चौकोन, चौकोनात चौकोन,
मध्याशी पोचेस्तोवर दिवाळी यायची.
कशातलं काही कमी करायचं असतं
हे तिला ठाऊकच नव्हतं.
एर्मेलिंदबायला हे सांगितलं, जरा अभिमानानं.
ती म्हणाली, "आनी ती सुकता कशी?"

चौथ्या शनिवारी मी चुकून उभा धागा कापला.
कापड क्षणभर काही बोललं नाही.
मग एक जुडी ढिली झाली
आणि जाळीचा दात पडला.
मला वाटलं, आता म्हणेल,
चुकीतूनच नवी नक्षी सुचते, असं काहीतरी,
शिक्षक म्हणतात ना, मीही म्हणते.
तिनं तुकडा हातातून काढून घेतला,
मशीनच्या तेलाच्या बाटलीखाली घातला
आणि नवा पुढे केला.

काढलेले धागे ती टाकत नसे.
एकेक सरळ करून
रिकाम्या काडेपेटीवर गुंडाळायची,
पेटीवर पेन्सिलीनं नाव.
रोझाचा टेबलक्लॉथ.
पाद्र-विगाराचा झगा.
इनासचा शर्ट.
फाटलं तर त्याच कापडाला त्याच कापडाचं सूत,
दुसऱ्या कुठल्याही सुतानं रफू ओळखू येतो.
इनास कोण, मी विचारलं नाही.
भिंतीवर स्विंडनच्या कुठल्याशा गोदामाचं कॅलेंडर होतं,
तीन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरवर थांबलेलं.

परवा आईची वाकळ धुताना मूठभर भोक पडलं.
(सुकायला तीन दिवस लागले.
एर्मेलिंदबायचं बरोबरच होतं.)
भोक नेमकं धोतरावर.
मापुसाच्या शुक्रवारच्या बाजारात पाहिलं,
तसलं पिवळट, थकलेलं पांढरं
कुणी विकत नाही.

मग वाकळ उलटी केली,
कडेची दुमड उसवली,
जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं
तिथून एक धागा सुईवर घेतला.
श्वास धरला.
उं. दोयश.
तीनला मी मराठीत आले
आणि धागा तुटला.
दुसराही तुटला. तिसरा तर
बोटांतच पीठ झाला.
पुढचा आला, वीतभर.

स्वयंपाकघरातून काडेपेटी आणली,
तिच्यावर तो गुंडाळला.
आत अजून काड्या होत्या,
प्रत्येक वेढ्याला वाजत होत्या.