ड्रममधली चाचणी

पाटणकर बाजारात खंडेलवाल म्हणाला,
"पानी के अंदर? अरे साहब, बारात खींचो."
तरी काढलीच त्याने मागच्या कपाटातून
कुणीतरी परत केलेली पेटी.

महिनाभर हिशेब चालला होता.
मोठा कॅमेरा, दोन दिवे, हातभर दांड्या.
विमानात सात किलो, आणि अंदमानात
मी बुडी मारणार की हमाली करणार?
फोनवर तिथला प्रशिक्षक हसला:
आधी श्वास घ्यायला शिका, फोटो मग.

लहानच घेतला. मुठीत मावणारा.
आणि एक लाल काच,
कारण पाच-सहा वाव खाली लाल उरत नाही म्हणे,
आणखी खाली तर रक्तही हिरवं.

आज तिघऱ्याचं पाणी यायचा दिवस.
सुलभा ड्रम भरून वळली, तोच मी
रिकामी पेटी बुडवली,
आत टिश्यूचा कपटा.
रबराच्या कड्यावर एक केस राहिला
तरी समुद्र आत येतो.
"परवापर्यंत पुरवायचंय हे पाणी," ती म्हणाली,
पण गेली नाही.

अर्धा तास.
कपटा कोरडा.

मग कॅमेरा घातला, कोपरापर्यंत हात बुडवून
तळातून वर रोखला.
फोटोत काठावरून वाकलेली ती,
हलणारे गाल, न्हाणीतला बल्ब डोक्यामागे
वितळलेला,
आणि टिकली लालच.
दोन फुटांवर अजून सगळं शाबूत असतं.

"केस बघ कसे झालेत. पुसून टाक तो."
तांब्या बुडवता बुडवता थांबली.
"तिथे खाली
माझी टिकली कुठल्या रंगाची दिसेल?"