पाववाल्याची वही

फुएन्तेल्मोराला मी बुधवारी जातो आणि शनिवारी.
सोरियापासून छप्पन्न किलोमीटर,
शेवटचे नऊ पाइनच्या रानातून,
जिथं मोबाइलही मान टाकतो.
चौकात गाडी लावायची, तीनदा हॉर्न द्यायचा,
मग दारं उघडतात.
जी उघडतात ती.

गाव किती उरलं ते नकाशा सांगत नाही,
माझी वही सांगते.
हा रस्ता मी घेतला तेव्हा एकतीस पाव.
शाळेला कुलूप लागलं त्या साली बावीस.
पोस्ट गेलं, अठरा.
मग एकाच हिवाळ्यात चर्चची घंटा फार वाजली,
अकरा.
अकरा पावांत डिझेल सुटत नाही, बायको म्हणायची.
बरोबरच होतं तिचं.
मी जात राहिलो, त्यात शहाणपण काही नव्हतं,
हात आपोआप त्या वळणावर वळायचा.

रान गावाच्या मालकीचं.
दरवर्षी लाकूड विकायचं, घरटी पैसे वाटायचे,
ही पणजोबांच्याही आधीची रीत.
त्या मार्चात आइनोआ उभी राहिली,
चोवीस वर्षांची, झारागोझाच्या गोदामातून परतलेली.
यंदा वाटू नका, म्हणाली,
राळेची जुनी भट्टी पेटवू.

मी गाडीतून ऐकत होतो.
कोणी हसलं. राळ तर आमच्या बापांबरोबर पुरली, कोणी म्हणालं.
इल्देफोन्सोनं विचारलं, माझ्या छपराचं काय?
दोन तास. माझे पाव कडक झाले.
शेवटी रेमेदियोस उठली.
तिचा वाटा कवळीसाठी राखलेला, हे सगळ्या गावाला ठाऊक.
"एकटीनंच जेवायचं," ती म्हणाली, "तर दात कशाला?"
आणि हात वर केला.
चौदा घरं विरुद्ध पाच.

एउतिमियो तेव्हा एक्क्याऐंशीचा.
पोरांना झाडापाशी उभं करून म्हणायचा,
साल सोल, आत घुसू नकोस.
चार बोटं रुंद, त्यापुढे हाव.
हाव धरलीस तर झाड जाईल,
भीत राहिलास तर थेंब येणार नाही.
आधी नीट शिकला तो प्लामेन,
दान्काचा मुलगा. त्याचा बाप बल्गेरियातून
मेंढ्यांमागे इथवर आलेला.
काहींना त्याचं कौतुक वाटलं.
काहींना नाही, तेही वहीत आहे,
दोन घरांनी महिनाभर त्याच्या मागे रांगेत उभं राहणं टाळलं.

पहिल्या वर्षी राळेचा भाव पडला.
दुसऱ्या वर्षी भट्टीला तडा गेला.
बेल्त्रान पिशवी घेऊन माझ्याच गाडीत चढला,
रिकाम्या क्रेटमध्ये पाय मुडपून,
सोरियापर्यंत एक शब्द नाही.
उतरताना भाडं देऊ लागला. मी घेतलं नाही.
घ्यायला हवं होतं.
न घेतल्यानं तो कायमचा गेल्यासारखा झाला.

सहा जण टिकले.
त्यांच्या हाताला टर्पेंटाइनचा वास,
नोटांना, नाण्यांना, माझ्या गल्ल्याला.
रोज रान घेऊन घरी येतोस, बायको म्हणते,
पण डिझेलचं आता काढत नाही.

एउतिमियो फेब्रुवारीत गेला.
त्याचा अर्धा पाव मी अजून वेगळा कापतो,
मग आठवतं.

परवाचा आकडा तेवीस.
तेवीस म्हणजे काही एकतीस नव्हेत.
शाळा बंदच आहे, मुलं चार, सरकारला हवीत पाच.
रेमेदियोसला कवळी अजून मिळाली नाही,
मऊ बघून दे, म्हणते, आणि हिरड्या दाखवत हसते.

गेल्या शनिवारी मात्र
रांगेच्या टोकाला एक बाई होती,
मला तिचं नाव माहीत नव्हतं.
या चौकात माझ्या बाबतीत असं कधी झालेलं नाही.
मी क्रेट उलटं केलं, नुसता चुरा.
माफ करा, म्हटलं, संपले.
हे वाक्य इथं कधी लागलंच नव्हतं,
जीभ अडखळली.

परतीचे नऊ किलोमीटर
काच खाली करून
तेच पुटपुटत होतो.