काटाघरातून निर्यात

राळेगावच्या पुढे, डाव्या हाताला, जिनिंग.
तिथल्या काटाघरात माझं टेबल,
कारण गावात नेट फक्त तिथेच टिकतं,
आणि तेही काट्यावर गाडी नसली की.

मी यंत्रांची पुस्तकं लिहिते.
कापसातून सरकी सोडवणाऱ्या यंत्रांची:
रोलर, बीटर, चाकू, जाळी,
कशापासून काय किती मिलिमीटरवर.
बारा वर्षांचं हे सगळं एका जुन्या प्रणालीत साठलेलं.
कंपनीनं कळवलंय, महिनाअखेर ती बंद.
सगळं एक्सएमएल करून काढा.

तसं सोपं असतं.
यादीत खाली जायचं, 'निर्यात' दाबायचं.
मागे यार्डात ट्रकमध्ये गाठी चढत होत्या,
त्यालाही हाच शब्द,
फक्त त्याला आठ माणसं लागतात.

पहिली फाइल दोन हजाराव्या ओळीला अडली.
कुणीतरी, म्हणजे मीच, घाईत
'रोलर & बीटर' लिहिलं होतं.
असलं नागमोडी 'आणि' इथे चालत नाही.

दुसरीत एक <इशारा> उघडला होता
आणि बंद करायचा राहिला होता.
त्याच्या पोटात पुढची चाळीस पानं:
तेल, ग्रीस, वॉरंटी, कंपनीचा पत्ता,
सगळं इशाऱ्यातच.
मला ते फारसं चुकीचं वाटलं नाही.

तिसरी सरळ निघाली.
उघडून बघितली, तर फिटरच्या टिपणांच्या जागी
????? ?????? ???? ? ????

टिपणं शालिक नेवारेंची.
मी विचारायची, ते हात पुसत सांगायचे,
मी तसंच्या तसं टाकायची
इंग्रजी पानांच्या तळाशी,
कुणी वाचणार नाही या भरवशावर:
पट्टा ढिल्ला झाला त रोलर कन्हते.
घाई नोका करू, आंधी कान लावा.
ओला कापूस आला की चाकूले घाम येते.

शालिकभाऊ चहा घेऊन आले,
स्क्रीनकडे बघत राहिले थोडा वेळ.
"हे मले एवढं काऊन इचारून रायलं?"

मी हसले. मग हसू थांबलं.
सेटिंगमध्ये पार खाली अक्षरांची एक खूण होती,
चुकीची. बदलली. पुन्हा निर्यात.
तेवढ्यात गाडी काट्यावर चढली,
दिवा मिणमिणला, एकसष्ट टक्क्यांवर सगळं थबकलं.
गाडी उतरली.
मात्रा आल्या, अनुस्वार आले,
'कन्हते'मधला अर्धा न सुद्धा आला.

पण नव्या साच्यात टिपणाला जागाच नाही.
भाग आहे, कृती आहे, इशारा आहे, तक्ता आहे.
'शालिकभाऊ म्हणतात' याला खूण नाही.
पुण्याहून ऋत्विक म्हणाला, ड्रॉप करा मॅडम,
तसंही ते कुठल्या भाषेत आहे?
चांगला मुलगा आहे.

एक्सएमएलमध्ये एक आडोसा असतो,
<!-- असा उघडतो.
त्याच्या आतलं यंत्र वाचत नाही,
ओलांडून जातं.
पण फाइल जाईल तिथे ते सोबत जातं.
दोनशे सहा टिपणं होती.
दुपार त्यातच गेली.

नियम एकच: आत दोन रेघा लागोपाठ नकोत.
आणि बोलताना शालिकभाऊ थांबले की
मी नेमक्या दोन रेघाच टाकायची.
एकेक शोधून काढल्या.
आता ते त्या फाइलींमध्ये
न थांबता बोलतात.

"गेलं का?"
"गेलं."
"किती भरलं?" काट्याच्या आकड्यांकडे बघत.
"चार एमबी."
"हल्कंच हाय मंग," म्हणाले,
कप खिडकीत ठेवला,
आणि चार नंबरच्या मशीनकडे निघाले,
डावा कान जरा पुढे करून.