मोजणी

एस्टोनियात, व्होरूच्या सॉ मिलमध्ये
बटण दाबल्यावर करवत थांबली,
पण उशिरा.
हेइनोने हातमोजा मारिकाच्या टेबलावर ठेवला,
तर्जनीचं टोक उडालेला.
बोट शाबूत आहे, एवढंच बोलला आणि गेला.

बाहेर उणे एकोणीस. ती ओळी वाचत बसली.
कुलूप घेताना कर्नेल म्हणतं, आता मला कुणी उठवू नका,
आणि मोजणी एकने वाढते.
सोडताना एकने कमी.
शून्य झालं की ज्याची निकड मोठी, तो पुढे.

इंटरप्ट तर दार न ठोठावताच येतो,
उभ्या उभ्या निरोप टाकतो.
त्याला बसायची मुभा नाही, डुलकीची तर नाहीच.
निरोप वेळेवर आला होता.
करवत थांबवणारं काम
जागं होऊन ताटकळत होतं,
खुर्ची कुणी सोडेना.

पहाटे सापडलं:
सेन्सर गप्प राहिला
की फंक्शन मागच्या दाराने सटकतं,
मोजणी एकवरच ठेवून.
सहा वर्षं.
कुणीतरी घाईत लिहिलेलं.
कुणीतरी म्हणजे तीच.

हेइनो कॉफी घेऊन आला, काही विचारणार
तोच तिने वर न बघता बोट उचललं:
थांब.
एक ओळ लिहून झाली.
मग बोट खाली आलं.
तो मात्र अजून
त्या बोटाकडेच बघत होता.