श्राफ

गुरुवारी साडेदहाला, बर्स्लेममध्ये, चर्चच्या मागच्या खोलीत
विनिफ्रेड कोकली टेबलावर मांडते
पाव, लसणाचा गड्डा, साबण,
आणि मुद्दाम फोडून आणलेली बशी.
"आज तुकडे," ती म्हणते.

पावाची स्लाइस. लसणाची क्लोव्ह.
साबणाचा मात्र बार, अख्खा असतानाच;
झिजून झिजून नखाएवढा उरला की स्लिव्हर.
गवताचं ब्लेड, ते काही कापत नसलं तरी.
"सगळ्याला पीस म्हणालात तर कुणी हसणार नाही.
पण दुकानदार मान वर करून बघणारही नाही."

रेबीन सवयीने उजवीकडून लिहायला लागतो,
खोडतो, डावीकडून सुरू करतो.
चिप त्याला माहीत आहे :
मासळीबरोबर, कागदात, वर व्हिनेगर.
विनिफ्रेड आपला कप फिरवून दाखवते.
कडेचा टवका उडालाय, तांदळाच्या दाण्याएवढा.
"हीसुद्धा चिप."
"पण इथे तर काहीच नाही."
"हो. गेलेल्या तुकड्याचं नाव
मागे राहिलेल्या खड्ड्याला."
थोडा वेळ फक्त हीटरची घरघर.

खेर्सोनची हलीना विचारते, घराची चिप होते का?
नाही. घराचं रबल होतं,
आणि रबलला अनेकवचन नाही.
"एक रबल, दोन रबल?"
"नाही गं. मोजत नाहीत."
हलीना तेवढंच लिहून घेते : मोजत नाहीत.

सेमहार अस्मराची. तिचा प्रश्न हातांनी विचारलेला.
इंजेरा तोडायचा, कालवणात बुडवायचा,
आणि स्वतःच्या नाही,
शेजारच्याच्या तोंडात घालायचा.
त्या तुकड्याला काय?
बाइट? तो दातांचा.
मॉर्सल? तो पुस्तकातला.
माउथफुल? त्यात कुणी कुणाला, ते कळत नाही.
विनिफ्रेडला आठवतो नवऱ्याचा शेवटचा महिना,
चमच्यावरचं कोमट कस्टर्ड, हनुवटीखाली धरलेला रुमाल.
"काम केलंय मी ते," ती म्हणते. "शब्द नाही."

मी कोपऱ्यात चहा ओतत होतो.
माझ्याकडे होता शब्द, दोन अक्षरांचा.
पण मला कुणी विचारलं नव्हतं,
आणि तो नुसता सांगून कळत नाही,
समोर कुणीतरी तोंड उघडून बसावं लागतं.

बशी शेवटी.
"परीक्षेत शार्ड लिहा. आमच्यात श्राफ."
तिच्या आवाजाला आत्ता धार येते.
भट्टीतून वाकडं निघालेलं, तडकलेलं, कान तुटलेलं,
सगळं कारखान्यामागच्या ढिगावर.
ढिगावर गवत आलं, गवतावर रस्ता,
रस्त्याला घरं, शाळा, ही खोली.
"कुठेही खणा, लागतंच.
सगळे श्राफवरच बसलाय तुम्ही."

एप्रिलात रेबीनला नगरपालिकेच्या मळ्यात दोन वाफे मिळतात.
पहिल्याच फावड्याला खण्ण.
पांढरा तुकडा, अंगठ्याएवढा,
कडेला सोनेरी रेघ, केसासारखी,
कुठेही न थरथरलेली.
तो धुऊन, रुमालात बांधून घेऊन येतो.

विनिफ्रेड चष्मा कपाळावर सरकवते.
सोळाव्या वर्षापासून हेच तर केलं :
चाक फिरवायचं, श्वास धरायचा, कुंचला टेकवायचा,
रेघ रेघेला मिळाली की श्वास सोडायचा.
"तुमची?"
"असेल. नसेल. चाळीस जणी होतो आम्ही,
आणि रेघेवर कुणी सही करत नाही."
तरी तुकडा खिडकीकडे धरून
ती जरा जास्तच वेळ बघते.

रेबीनला नेमका शब्द हवाय.
शार्ड की श्राफ?
ती तुकडा त्याच्या तळहातावर परत ठेवते.
"हातात आहे तोवर शार्ड.
जा, टाक परत वाफ्यात.
बटाट्याला निचरा लागतो."