उलटी रेघ

किसननगरच्या तिसऱ्या मजल्यावर
कुमुदनं ताटं उचलली की टेबल माझं.
ओला पॉलिश पेपर, आठशे नंबर,
आणि इस्माईल भंगारवाल्यानं
रद्दीच्या भावात दिलेला चाळीस वर्षांचा खोका :
मिग, एकास बहात्तर.

पंखांवरच्या रेघा उठलेल्या,
म्हाताऱ्याच्या हातावरच्या शिरांसारख्या.
खऱ्या विमानाला असं काही नसतं.
पत्र्याला पत्रा भिडतो तिथे फट असते,
उंचवटा नसतो.
पण मला राग नाही. हे ज्यानं केलं
तो माणूस मला ठाऊक आहे.
नाव नाही, देश नाही, तरी ठाऊक आहे.
पोलादात रेघ खोदणं सोपं,
आणि साच्यात खोदलेलं
प्लास्टिकवर उठूनच येतं.
शनिवार असेल. शिफ्ट सुटत आली असेल.

मीही रोड नंबर सोळावर
चौतीस वर्षं सगळं उलटंच केलं.
बादलीसाठी बादलीचा खड्डा,
मगासाठी मगाची पोकळी,
कंपनीचं नाव आरशात वाचावं तसं.
जे मी खरवडून काढून टाकलं
तेवढंच बाजारात विकलं गेलं.
आता तिथे काचेची इमारत आहे,
तिच्यात काय बनतं ते वॉचमनलाही माहीत नाही.

सगळ्या रेघा घासून काढल्या.
पंख आता वापरलेल्या साबणाच्या वडीसारखा.
हत्यार म्हणजे डॉक्टर मस्करेन्हसांनी
टाकून दिलेला दात कोरायचा आकडा,
टोकाला मी ऑइलस्टोनवर धार लावलेली.
जाड चिकटपट्टीच्या कडेनं न्यायचा.
पहिल्या हाताला जोर नाही,
नुसतं आकड्याचं वजन.
दुसऱ्या हाताला वाट आठवते.
तिसऱ्याला कीस निघतो,
बारीक, कुरळा, राखाडी.
कुमुद म्हणते, पोळीत येतो.

आणि जिथे काढली तिथेच राहते रेघ.
उलटत नाही.
याची सवय व्हायला मला दोन महिने लागले.

घसरतंही.
पट्टी सुटते, आकडा पंखभर पळतो,
आणि टूलरूममधली एक शिवी
चौतीस वर्षं बाहेर ठेवलेली
स्वयंपाकघरापर्यंत जाते.
मग फेविक्विकचा थेंब, त्यात टाल्कम पावडर,
वाळेपर्यंत थांबणं, घासणं, परत तीच रेघ.
पोलादात चुकलं तर वेल्डिंग, मेमो, शेठचं तोंड.
इथे नुसता लहान बाळाचा वास येतो.

हिशेब मांडला तर हीही खोटीच.
पाव मिलिमीटर गुणिले बहात्तर : अठरा.
खऱ्या पंखात एवढी फट म्हणजे
बोट जाईल, आणि पाठोपाठ विमानही.
मापात काढावी तर दिसणारच नाही.
डोळ्यासाठी थोडं खोटं खोदावं लागतं.
व्हर्निअरला मी हे अजून सांगितलेलं नाही.

रविवारी कळव्याहून घोलप आले,
ओझरला मिगच्या पोटाखाली
एकवीस वर्षं उताणे काढलेले.
मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर.
विमान तळहातावर घेतलं, पोट वर,
म्हणाले, दिसत नाही हो काही.
मी दिवा जवळ ओढला. नको म्हणाले.
अंगठ्याचं नख शेपटीकडून पुढे
सावकाश आणलं,
डायची कड आम्ही बघायचो तसंच.
एका जागी अडलं.
मागे घेतलं. पुन्हा तिथेच अडलं.
कुमुद चहा घेऊन तशीच उभी.
"हे झाकण," घोलप म्हणाले,
"आठ स्क्रू. सातवा मेला
कधी नीट बसायचा नाही."
आणि डोळे मिटून, नखानं,
ते उघडायला लागले.