साडेचार सूत

आमच्याकडं नट सुतात मोजतात.
इंचाचे भाग आठ, त्यातला एक म्हणजे सूत.
अख्खं गाव सूत रंगवतं, भरतं, तुटलं तर गाठ मारतं;
त्या गावात दस्तगीर मिस्त्री गाडीखालून हात बाहेर काढायचा
आणि म्हणायचा, साडेचार सुती दे बे.
कधी माझ्या हाती पाच सुती लागायचा.
मग नटाचे कोपरे झिजायचे
आणि माझे कान लांबायचे.

गाडी गुर्रमशेठची. एक्कावन्नची प्लायमाउथ.
तेलुगूत गुर्रम म्हणजे घोडा,
म्हणून मिस्त्री तिला घोडी म्हणायचा,
शेठ नसताना.
बॅटरी सहा व्होल्टची, प्लस बॉडीला.
डाव्या अंगाच्या चाकांना उलटे आटे.
ज्याला हे ठाऊक नाही तो जोर लावतो
आणि मोडका स्टड हातात घेऊन उभा राहतो.
सीटवर चादर, साहजिकच. मोराची.

मिस्त्री जाऊन अकरा वर्षं झाली.
घोडी तेव्हापासून विटांवर.
यंदा शेठच्या नातीनं, सुकन्यानं, मनावर घेतलं.
ओहायोतल्या कुणाकडून किंगपिनचे बुश मागवले:
पिवळा पडलेला पुठ्ठ्याचा डबा, आत मेणकागद,
सत्तर वर्षं कुणी हात न लावलेलं पितळ.
कस्टमची पावती टायरपेक्षा महाग.
मी हात धुऊन डबा उघडला. सहसा नंतर धुतो.

बसवायला गेलो, तर म्हातारीच्या बोटात
अंगठी फिरावी तसा बुश फिरला.
कॅलिपर पुसला, पुन्हा मोजलं.
एक सूत ढिला.
नेमका एक.

मग टॉर्च धरून आत पाहिलं.
भोक मोठं केलेलं, लेथवर, सफाईनं,
आणि कडेला छिन्नीनं कोरलेलं: द. ७४.
तेव्हा मुंबईतही पार्ट मिळेना,
म्हणून मिस्त्रीनं आत मागाचा बुश ठोकला होता.
पावरलूमचा.
चाळीस वर्षं घोडी त्यावर वळत राहिली,
तुळजापूरच्या घाटात, गड्ड्याच्या गर्दीत.
मी स्वतः त्यात किती वेळा ग्रीस भरलं,
अमेरिकन समजून.

सुकन्या म्हणाली, ओरिजिनल बसत नाही म्हणजे काय?
मी म्हटलं, पार्ट बरोबर हाय की.
गाडी सोलापूरची झालीय.

मग निघालो मागाचा बुश शोधायला.
सोपं वाटलं होतं. सोलापुरात मागाचा बुश,
म्हणजे हॉटेलात शेंगाचटणी मागितल्यासारखं!
अशोक चौक, साखर पेठ, दत्तनगर.
सगळीकडं रेपियर. जुने माग वजनावर गेले,
काय भावानं ते मी विचारलं नाही.
विडी घरकुलात अंबुबाई बोम्मा दारात विड्या वळत होती.
म्हणाली, आमचे चारही गेले टेम्पोत.
फरशीत बोल्टची भोकं आहेत अजून, बघायची तर बघ.
बघितली. बोट घालून बघितली.
पाच सुती असावीत.

उठताना तिनंच दाराची अडकण काढून दिली:
दोन बुश, तारेत ओवलेले, काळे पडलेले.
पैसे घेईना. म्हणाली,
दार आता वाऱ्यानं आपटंल, तेवढं लाकूड दे कुठलंतरी.

डाव्या चाकात अंबुबाईचे बसवले.
उजव्यात ओहायोचे, वरून स्लीव्ह चढवून.
सूत जुळलं म्हणायचं.
तळ्याभोवती एक फेरी मारली. सुकन्या चालवत होती,
मी काच खाली करून ऐकत होतो.
डावीकडं वळताना अजून टक् होतं.
काढता येईल.
पण लहानपणी रात्रपाळीला झोप लागायची ती असल्याच आवाजात,
तेव्हा मी काही बोललो नाही.

डबा ठेवून घेतला मी, ओहायोचा.
त्यात सध्या साडेचार सुतीचे नट आहेत,
आणि अंबुबाईची तार.
लाकूड अजून द्यायचं राहिलंय.